जुने स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर : संग्रह, दुरुस्ती आणि अस्सलपणाचा वाद

विषयाची मर्यादा

तबकडी, टेप किंवा रेडिओकडून येणारा क्षीण विद्युतसंकेत डाव्या आणि उजव्या अशा दोन स्वतंत्र मार्गांनी वाढवून तो स्पीकर चालवण्याइतका समर्थ करणारे यंत्र म्हणजे स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. त्याचे दोन टप्पे असतात. संकेत निवडणारा आणि आवाजाची पातळी ठरवणारा पहिला टप्पा म्हणजे प्रीअ‍ॅम्प्लिफायर, तर प्रत्यक्ष शक्ती पुरवणारा दुसरा टप्पा म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. हे दोन्ही एकाच पेटीत असले की त्या यंत्राला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यातच रेडिओचा ट्यूनरही बसवला की रिसीव्हर म्हणतात. संग्राहक ज्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात ती यंत्रे ढोबळमानाने १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंतची असतात. ही मर्यादा कोणत्याही संस्थेने घालून दिलेली नाही. मात्र १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अ‍ॅम्प्लिफायरची घडण, दर्शनी रूप आणि किंमत या तिन्ही बाबतींत फरक पडत गेला, म्हणून ती सोयीची ठरली आहे.

या यंत्रांविषयीची चर्चा मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरते. जुन्या यंत्रांचा आवाज खरोखर वेगळा असतो का, त्यांच्यावरची बटणे, मीटर आणि फिल्टर ही सोय होती की सजावट, आणि निम्मे सुटे भाग बदलून पुन्हा चालू केलेले यंत्र मूळ यंत्र मानायचे का, हे ते प्रश्न होत. त्यांपैकी पहिल्या प्रश्नावर सर्वांत अधिक वाद झाला आणि उत्तराच्या सर्वांत जवळही तोच आला आहे. तिसऱ्यावर त्या मानाने थोडेच लिहिले गेले, पण संग्रहाचे भवितव्य त्याच्याशीच बांधलेले आहे.

व्हॉल्व्हचा काळ

घरगुती श्रवणासाठी उत्तम दर्जाचा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, बनवता येतो, याचा पाया डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध केलेल्या रचनेने घातला. १५ वॅट शक्तीला विकृती, म्हणजे मूळ संकेतात नसलेल्या स्वरांची भर, सुमारे ०.१ टक्क्यावर रोखणे त्या रचनेने शक्य करून दाखवले आणि हौशी मंडळींनी ती जगभर घरोघरी बांधली. त्याच मासिकात १९५२ मध्ये पीटर बॅक्झांडॉल यांनी मांडलेली खर्ज आणि तीव्र स्वर कमीजास्त करण्याची जोडणी पुढच्या कित्येक दशकांतल्या ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ या दोन खुंट्यांमागे उभी आहे. तबकडीवर खर्ज दाबून आणि तीव्र स्वर उचलून ध्वनिमुद्रण करायचे व वाजवताना ते उलटे करायचे, यासाठी १९५४ च्या सुमारास अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाने एकच वक्र स्वीकारला. तो आजही ‘आरआयएए’ वक्र म्हणून पाळला जातो आणि बहुतेक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ जोडणीत बसवलेला असतो.

स्टिरिओची कल्पना यापेक्षा जुनी आहे. अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच तिचे पेटंट मागितले होते, पण स्टिरिओ तबकड्या सर्वसामान्यांच्या हाती १९५८ च्या सुमारास आल्या आणि तेथून दोन मार्गांच्या अ‍ॅम्प्लिफायरची मागणी वाढली. ब्रिटनमधील क्वाड आणि लीक, अमेरिकेतील मरँट्झ आणि मॅकिंटॉश ही त्या काळातील मानाची नावे. ७५ वॅटचे दोन मार्ग असलेला मॅकिंटॉशचा एमसी-२७५ हा १९६१ चा अ‍ॅम्प्लिफायर आजही संग्राहकांच्या इच्छायादीत वरच्या जागी असतो. याच्या दुसऱ्या टोकाला डायनाको कंपनीचा एसटी-७० होता. डेव्हिड हॅफलर यांच्या या १९५९ च्या यंत्राचे सुटे भाग संचरूपाने मिळत आणि गिऱ्हाईक ते स्वतः जोडत असे. असे संच लाखांच्या संख्येने विकले गेल्यामुळे ‘कारखान्यातली मूळ जोडणी’ ही कसोटी त्यांना लावताच येत नाही, हा मुद्दा दुरुस्तीच्या वादात पुन्हा उपस्थित होतो.

ट्रान्झिस्टर आणि जपानी दशक

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरशी जुळवून घेण्यासाठी जड आणि महाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्झिस्टरला तो लागत नाही, त्यामुळे १९६० च्या दशकात उत्पादकांचा ओढा ट्रान्झिस्टरकडे वळणे स्वाभाविक होते. आरंभीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र उष्णतेला नाजूक होते आणि संकेताचा धन भाग संपून ऋण भाग सुरू होताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवले जाते त्या क्षणी राहणारी फट, म्हणजे ‘क्रॉसओव्हर’ विकृती, हलक्या आवाजात कानाला टोचत असे. ट्रान्झिस्टरचा आवाज रुक्ष असतो हा समज या पिढीने रुजवला आणि सिलिकॉनच्या सुधारित यंत्रांनी, उदाहरणार्थ १९६७ च्या क्वाड ३०३ ने, त्याचे कारण बरेचसे दूर केल्यानंतरही तो समज टिकला.

संग्रहाचा सर्वांत मोठा वाटा आज ज्या यंत्रांचा आहे ती १९७० च्या दशकातली जपानी यंत्रे होत : पायोनिअर, सान्सुई, केनवूड, यामाहा, टेक्निक्स, लक्समन, सोनी. मरँट्झ ही कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोप या कंपनीकडे गेल्यावर तिचेही उत्पादन पुढे जपानकडे सरकले. आशियात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना लष्करी दुकानांतून ही यंत्रे स्वस्तात मिळत आणि ती त्यांच्यासोबत मायदेशी जात. या यंत्रांच्या आकाराला आणि वजनाला मात्र एका सरकारी नियमाचाही हातभार लागला आहे, आणि तो सहसा विसरला जातो. जाहिरातींमधील वॅटचे फुगवलेले आकडे रोखण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर १९७४ पासून असा नियम लागू केला की शक्तीचा आकडा दोन्ही मार्ग एकाच वेळी अखंड चालवून, कंपनांचा पल्ला आणि विकृतीची मर्यादा सांगून द्यावा, आणि चाचणीपूर्वी यंत्र एक तास एक-तृतीयांश शक्तीवर चालवावे. प्रचलित प्रकारच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्वाधिकाच्या जवळपास उष्णता नेमकी याच पातळीच्या आसपास निर्माण होते, त्यामुळे ती झेपवणारे मोठे पंखेदार हीटसिंक आणि भरभक्कम ट्रान्सफॉर्मर देणे भाग पडले. त्यातून वॅटची चढाओढ लागली. पायोनिअरच्या १९७६ च्या एसएक्स-१२५० ची शक्ती प्रत्येक मार्गाला १६० वॅट होती, तर १९७८ च्या एसएक्स-१९८० ची २७० वॅट, आणि त्याचे वजन सुमारे ३५ किलो. दिवाणखान्यातील सामान्य श्रवणाला एक-दोन वॅट पुरतात हे लक्षात घेतले तर या चढाओढीतील प्रतिष्ठेचा भाग दिसून येतो, आणि त्याच वर्षी आलेल्या एनएडी कंपनीच्या ३०२० या २० वॅटच्या साध्या यंत्राने मिळवलेली लोकप्रियता त्याचे उत्तर म्हणून पाहता येते.

दर्शनी बाजू : सोय की सजावट

जुन्या यंत्राच्या ओढीचे पहिले कारण बहुधा त्याची दर्शनी बाजू असते. ब्रश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, भरीव धातूच्या खुंट्या, मरँट्झच्या निळ्या उजेडाच्या तबकड्या आणि बोटाने आडवे फिरवायचे ट्यूनिंगचे जड चाक, सान्सुईच्या काही मालिकांचा काळा मुखवटा यांचे वर्णन संग्राहक तपशिलाने करतात. टीकाकारांच्या मते यांतील बरेच काही दुकानात नजरेत भरण्यासाठी होते. दोन्ही बाजू तपासायच्या तर एकेक सोय वेगळी घ्यावी लागते.

‘लाउडनेस’चे बटण हे त्याचे चांगले उदाहरण आहे. आवाज लहान केला की कानाला खर्ज प्रमाणापेक्षा जास्त कमी ऐकू येतो, हे बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले होते, आणि त्याची भरपाई करणे हा या बटणाचा उद्देश. पण स्पीकर किती संवेदनशील आहे, खोली केवढी आहे, हे यंत्राला ठाऊक नसल्याने भरपाई बहुतेक यंत्रांत अंदाजाने होते आणि आवाज मोठा असतानाही बटण दाबून ठेवणारे श्रोते खर्जाचा धबडगा ऐकत राहतात. यामाहाने या दोषावर तोड म्हणून लाउडनेसची स्वतंत्र खुंटी दिली. नेहमीच्या मोठ्या पातळीला आवाजाची खुंटी लावून ठेवायची आणि आवाज कमी करायचा तो लाउडनेसच्या खुंटीने, म्हणजे भरपाई त्या प्रमाणात होत जाते. जुन्या काळच्या सोयींपैकी शास्त्रीय आधार सर्वांत पक्का असलेली ही सोय आहे, तरी ती वापरावी कशी हे माहीत नसलेले मालक आजही अधिक आढळतात.

‘टेप मॉनिटर’चे बटण ध्वनिमुद्रण चालू असतानाच टेपवर काय उतरले ते ऐकण्यासाठी होते. टेप गेली, पण त्या जोडणीतून संकेत बाहेर नेऊन परत आणता येत असल्याने आज इक्वलायझर लावण्यासाठी ती उपयोगी पडते. हेच बटण चुकून दाबलेले राहिले की यंत्र मुके होते. अनेक यंत्रांच्या मागे प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या ‘यू’ आकाराच्या धातूच्या कड्या असतात; त्या हरवल्या तरी आवाज येत नाही. या दोन कारणांनी ‘बिघडलेली’ ठरून मातीमोल किमतीला निघालेली यंत्रे अनुभवी खरेदीदार दुकानातच ओळखतो.

आवाजाचा वाद

जुन्या यंत्रांच्या आवाजाला ऊब असते, असा पहिला पक्ष. व्हॉल्व्हची विकृती प्रमाणाने अधिक असली तरी ती मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांच्या, म्हणजे वरच्या षड्जाशी जुळणाऱ्या स्वराच्या रूपात येते आणि शक्तीची मर्यादा ओलांडताना हळूहळू वाढते, म्हणून ती खटकत नाही, हे त्याचे तांत्रिक समर्थन. या पक्षाला १९७० मध्ये बळ मिळाले ते फिनलंडचे मॅटी ओटाला यांच्या शोधनिबंधामुळे. निव्वळ स्थिर स्वर देऊन मोजलेली विकृती नगण्य असूनही संकेतात अचानक चढ आला तर ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर क्षणभर मागे पडतो आणि वेगळ्या प्रकारची विकृती निर्माण करतो, असे त्यांनी दाखवले. ऋण प्रतिपोषण, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश परत आणून चूक दुरुस्त करण्याची पद्धत, अति वापरल्याचा हा परिणाम आहे असा अर्थ त्यातून काढला गेला. पुढे बॉब कॉर्डेल आदींनी असे मांडले की दोष प्रतिपोषणाच्या प्रमाणाचा नसून परिपथाच्या मंदगतीचा आहे, आणि परिपथ पुरेसा जलद ठेवला तर भरपूर प्रतिपोषण असूनही ही विकृती उद्भवत नाही.

दुसरा पक्ष मोजमापाचा. दोन अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेच्या आत चालत असतील, त्यांचा कंपन-प्रतिसाद सपाट असेल आणि आवाजाची पातळी काटेकोर जुळवली असेल तर कोणता वाजतो आहे हे न सांगता ऐकवल्यास श्रोत्याला फरक ओळखता येत नाही, असे हा पक्ष म्हणतो. अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८७ मध्ये घेतलेल्या अशा चाचणीत स्वस्त आणि अतिमहाग यंत्रे श्रोत्यांना खात्रीने वेगळी करता आली नव्हती. त्याआधी १९८५ मध्ये उत्पादक बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांपुढे आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदल करून तो एका महाग व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसारखा वाजवून दाखवला होता. या प्रसंगाकडे दोन्ही पक्ष बोट दाखवतात, आणि दोघांनाही तसा अधिकार आहे : आवाजात फरक होता हे त्यातून सिद्ध होते, आणि तो फरक मोजता व घडवता येतो हेही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध जास्त असल्याने तो स्पीकरच्या बदलत्या रोधानुसार काही स्वर उचलतो, काही दाबतो. त्याची ‘ऊब’ पुष्कळ अंशी या संयोगातून येते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की सुस्थितीतील चांगल्या ट्रान्झिस्टर यंत्रांपुरता वाद जवळपास मिटला आहे, व्हॉल्व्हपुरता तो आवडीचा प्रश्न झाला आहे. मात्र ‘सुस्थितीतील’ या अटीची पूर्तता करणारी जुनी यंत्रे मुळात किती सापडतात, हे श्रवणचाचण्या सांगू शकत नाहीत.

दुरुस्ती आणि अस्सलपणा

जुन्या यंत्रात सर्वांत आधी खराब होतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे मिस्त्रींच्या बोलीतला कंडेन्सर, कारण त्याच्या आत ओलसर रसायन असते आणि ते काळाबरोबर सुकते. ८५ अंश सेल्सिअसला २,००० तासांचे आयुष्य दिलेला कपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला सुमारे दुप्पट टिकतो, या ठोकळ नियमाने ४५ अंशांना त्याचे आयुष्य ३२,००० तास भरते. म्हणजेच थंड कोपऱ्यातला कपॅसिटर पन्नास वर्षांनीही ठणठणीत निघू शकतो आणि हीटसिंकजवळचा कधीच बाद झालेला असतो. याच मुद्द्यावर दुरुस्ती करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक तट सगळेच कपॅसिटर सरसकट बदलून टाकतो, कारण यंत्र पुन्हा पुन्हा उघडण्याची मजुरी कपॅसिटरच्या किमतीपेक्षा जास्त पडते. दुसरा प्रत्येक भाग मोजून फक्त निकामी तेवढाच बदलतो, कारण सरसकट बदलात जुन्या छापील पट्टीवरचे तांबे उखडते आणि नवे दोष शिरतात. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आपापल्या जागी खरा आहे आणि निर्णय बहुधा कारागिराच्या हातावर ठरतो.

याशिवाय खुंट्यांची खरखर, काळवंडलेले स्विच, स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे झिजलेले संपर्क हे दोष साफसफाईने किंवा किरकोळ खर्चाने जातात. सान्सुई आणि इतर काही यंत्रांत भाग धरून ठेवण्यासाठी लावलेला गोंद मात्र कालांतराने तपकिरी पडून वीजवाहक होतो आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो. तो खरवडून काढणे हे किचकट काम वरून पाहणाऱ्याला दिसतही नाही. कित्येक वर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेला जोडू नये, हा सर्वमान्य नियम आहे. त्यासाठी ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब ओळीत जोडून वीज देतात : बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही असे समजतात, तो लख्ख पेटून राहिला तर वीज ताबडतोब तोडतात. एलईडीच्या काळात असा बल्ब शोधावा लागतो, आणि एलईडी त्याच्या जागी चालत नाही.

अवघड प्रश्न सुरू होतो तो मूळ भाग मिळेनासे झाल्यावर. आउटपुटचे जुने ट्रान्झिस्टर बंद झाले आहेत, आणि त्यांच्या जागी बसवलेले नवे, अधिक जलद ट्रान्झिस्टर कधी कधी जुन्या परिपथात स्वतःच कंप पावू लागतात. सोनीच्या टीए-५६५० मधले व्ही-फेट या प्रकारचे ट्रान्झिस्टर पुन्हा कोणीच बनवलेले नाहीत, म्हणून एक गेला की दुसऱ्या यंत्राचा बळी द्यावा लागतो. लोकप्रिय भागांच्या बनावट प्रती हा स्वतंत्र उपद्रव आहे. सान्योच्या एसटीके मालिकेतील, सबंध आउटपुट टप्पा एकाच तुकड्यात सामावणाऱ्या आयसीचा अनुभव भारतातल्या मिस्त्रींना चांगलाच आहे.

अशा स्थितीत जपायचे काय, याला तीन उत्तरे दिली जातात. काहींच्या मते वस्तू जपावी, म्हणजे मूळ भाग निकामी झाले तरी हलवू नयेत आणि यंत्र न वाजवता ठेवावे. काहींच्या मते परिपथ जपावा, म्हणजे भाग नवे चालतील पण मूल्ये आणि जोडणी रेखाचित्राप्रमाणेच असावी. आणि काहींच्या मते कार्य जपावे, म्हणजे आवाज सुधारत असेल तर परिपथातही बदल करावा. यांपैकी परिपथ जपण्याची भूमिका सर्वांत टिकाऊ वाटते, कारण अ‍ॅम्प्लिफायर हे वाजण्यासाठी बनलेले यंत्र आहे आणि त्याच्या रचनाकाराचे कर्तृत्व कपॅसिटरच्या आवरणात नसून रेखाचित्रात आहे. तरी काढलेले मूळ भाग पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवण्याची काही संग्राहकांची पद्धत वस्तू जपू पाहणाऱ्यांच्या आक्षेपालाही थोडे उत्तर देते.

भारतातील विशेष अडचणी

आयातीवरील निर्बंधांमुळे १९९१ पूर्वीच्या भारतात जपानी यंत्रे दुकानांतून फारशी मिळत नसत. ती आखाती देशांत किंवा जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून येत, आणि कोकणात व गोव्यात अशा घरांची संख्या मोठी असल्याने तेथून आजही सान्सुई, पायोनिअर किंवा आकाई यांची यंत्रे बाहेर पडतात. देशी उत्पादकांमध्ये १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेली सोनोडाइन, तसेच कॉस्मिक, यांची नावे जुन्या श्रोत्यांच्या परिचयाची आहेत, पण त्यांच्या प्रारूपांची नोंद जपानी यंत्रांप्रमाणे कोणी पद्धतशीर केलेली आढळत नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह मात्र परदेशी संग्राहकही विचारतात.

मुंबईचा चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही महाराष्ट्रातील शोधाची नेहमीची ठिकाणे. तेथे किंवा परदेशातून यंत्र घेताना विजेचा दाब पाहणे सर्वांत आधी येते. जपानच्या देशांतर्गत बाजारातील यंत्र १०० व्होल्टचे आणि अमेरिकेतील १२० व्होल्टचे असते. ते थेट २३० व्होल्टला लावले तर पहिल्याच क्षणी जळते, म्हणून दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. निर्यातीच्या प्रारूपांत मागे व्होल्टेज निवडण्याची सोय असते, पण २२० व्होल्टवर ठेवलेले यंत्र २४५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तापत राहते. जपानच्या देशांतर्गत बाजारातील रिसीव्हरचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असल्याने ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरील भारतीय केंद्रे त्यावर जवळपास लागतच नाहीत, आणि शोभिवंत ट्यूनर निव्वळ शोभेचा राहतो. किनारपट्टीची खारी हवा आणि पावसाळ्याची ओल स्विचच्या संपर्कांना गंज आणि मुखवट्याला डाग देतात. वरच्या जाळीतून झुरळे, क्वचित पालही आत शिरते आणि शॉर्ट होते.

किंमत, नवनिर्मिती आणि उरलेले प्रश्न

किमतीविषयी एवढेच सांगता येते की ती आवाजाच्या गुणवत्तेपेक्षा नाव, रूप आणि दुर्मीळता यांच्या मागे जाते. मोठ्या वॅटचे प्रसिद्ध रिसीव्हर महाग होत असताना त्याच कंपन्यांचे ३०-४० वॅटचे, घरगुती वापराला पुरेसे इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळ स्वस्तात मिळतात. नवा संग्राहक तेथूनच सुरुवात करेल तर बरे.

उत्पादकांनी जुनी प्रारूपे पुन्हा काढल्यामुळे गुंता वाढला आहे. मॅकिंटॉशने एमसी-२७५ ची पुनरावृत्ती १९९३ मध्ये आणली, क्वाडने ३३ आणि ३०३ या जोडीची २०२४ मध्ये. यांपैकी काहींचे अंतरंग मूळ परिपथाशी जवळचे असते, तर काहींत फक्त मुखवटा जुना असतो. मग सगळे भाग बदललेले १९६७ चे यंत्र आणि त्याच नावाचे नवे यंत्र यांत अस्सल कोणते, याचा निर्णय करणारी सर्वमान्य कसोटी नाही. जुन्या यंत्रांच्या वीजवापराचा आणि सुरक्षिततेचा प्रश्नही मोकळाच आहे, कारण त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांना तीन पिनांचे अर्थिंग नाही आणि ते बसवताना जोडणी चुकली तर गुणगुण वाढते.

यंत्राचे कोणते भाग कधी, कोणी आणि कशाच्या जागी बदलले याचा लेखी तपशील झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवणे हा अस्सलपणाच्या वादावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि भारतात विक्रीला येणाऱ्या जुन्या यंत्रांत तो तपशील क्वचितच आढळतो.